गरमी जाणार कुठं?

आप्पा कशालाही हात लावायचे तर डाव्या हाताची पाठ लावायचे. चहाचा ग्लास, दुपारची भिंत, पाण्याच्या मोटारीचं बूड, शेजारच्या घरातल्या तापानं फणफणलेल्या लेकराचं कपाळ, सगळ्याला तेच. हाताची पाठ टेकवायची, डोळे अर्धवट मिटायचे, दोन-तीन श्वास थांबायचं आणि मग काय ते बोलायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस वस्तूची नाडी बघतोय.

मी त्यांच्याकडे भाड्यानं खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला आधी भिंतच दाखवली. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणांच्या कारखान्यात मला कॉम्प्युटरवर नोकरी लागली होती. बदनापूरच्या पुढं आमचं गाव. रोज रेल्वेनं यायचो, गाडी उशिरा आली की पगार कापला जायचा, म्हणून जालन्यातच खोली शोधत होतो. एमआयडीसीच्या रस्त्याला लागून असलेल्या वस्तीत गंगाधर आप्पांचं घर होतं. खाली ते एकटे, वर गच्चीला लागून एक खोली.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"बीएस्सी. कॉम्प्युटर सायन्स. फर्स्ट क्लास. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच."

"मी फकस्त शिक्षण इचारलं व्हतं," आप्पा म्हणाले. मग हाताची पाठ पश्चिमेच्या भिंतीला टेकवली. "ही भिंत चार वाजता तापती आन् झोपायच्या टायमाला गरमी आत सोडती. खाट हिकडं टाकू नको. भाडं दर म्हयन्याच्या पाच तारखेला."

एवढ्यावर आमचा करार झाला. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. 'ओ ग्रॅज्युएट' म्हणायचे. टोमणा होता हे मला कळत होतं, पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाच्या पोराला गल्लीत उभं राहून कुणी ग्रॅज्युएट म्हणतंय, हे ऐकायला माझ्या बापानं काय काय सोसलं होतं ते मलाच माहीत.

आप्पांचं सगळं आयुष्य लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये गेलं होतं. तिथं लोखंडाच्या जाड कांड्या भट्टीत लालभडक करतात आणि रोलमधून ओढून सळ्या काढतात. मिलमध्ये सगळ्यांचं लक्ष लोखंडाकडं असतं. आप्पा पाण्याच्या खात्यात होते. भट्टीचं दार, रोल, बेअरिंग, सगळ्यांना थंड ठेवणारं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे बघायचं त्यांचं काम. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं.

"गरमी मरत न्हाई," ते म्हणायचे. "ती निस्ती जागा बदलती. ती कुठं जाणार ते आधी ठरव. मंग बाकीचं."

गल्लीत कुणाकडं नवा फ्रीज आला की आप्पांना बोलावणं यायचं. आप्पा चहा-पाणी काही घ्यायचे नाहीत. फ्रीजमागं हात घालायचे आणि तो भिंतीपासून एक वीत पुढं ओढायला लावायचे. बायका कुरकुरायच्या, मधली जागा वाया जाते म्हणून. "ताई, ही जागा वाया न्हाई," आप्पा म्हणायचे. "ही त्याची नाकं हायेत." आमच्या गल्लीतला एकही फ्रीज भिंतीला चिकटलेला नव्हता. नव्यानं राहायला आलेल्याला त्याचं कारण माहीत नसायचं, पण शेजारच्यांचं बघून तोही आपला फ्रीज पुढं ओढायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या हळूहळू ध्यानात आली. आमच्याकडं 'बराबर' हा शब्द लोक श्वास घेतल्यासारखा वापरतात. जेवण बराबर झालं का, बराबर, चला. आप्पांच्या तोंडून तो शब्द यायचा नाही. मोटार दुरुस्त करणारा म्हणायचा, "आप्पा, बराबर झाली ना आता?" आप्पा म्हणायचे, "चालू तर हाय." मला वाटायचं, म्हातारा हेकट आहे, दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हणत नाही.

लॉकडाऊन उठल्यानंतरच्या काळात मला मायनिंगचा नाद लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. नुसती कॉम्प्युटरवरची नाणी असतात, त्यांच्या देवघेवीचा हिशेब जगभरातल्या मशिनी तपासत बसतात. आपण आपलं मशीन त्या कामाला लावायचं, बदल्यात नाण्याचा बारीकसा तुकडा मिळतो. या कामाला ग्राफिक्स कार्ड लागतात. खरं तर ही कार्डं गेम खेळणाऱ्यांसाठी आणि व्हिडिओ करणाऱ्यांसाठी असतात. एका मशीनला पाच-सहा जोडायची आणि चोवीस तास चालवायची. मी तीन महिने वाचत होतो, वही भरून टाकली होती. माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं, म्हणून गावाकडं गेल्तो आणि दादांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर वही उघडून बसलो.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना अक्षर येत नाही, पण वहीकडं बघत राहिले.

"ती मशीन खाती काय?"

"लाईट."

"आन् लेंड्या?"

मी हसलो. मग म्हणालो, "लेंड्या म्हणजे गरमी. नुसती गरमी टाकते."

"तिचं खत व्हत न्हाई मंग," दादा म्हणाले. पुढच्या बाजारात त्यांनी अठरा मेंढ्या विकल्या. कळपात निम्म्याच राहिल्या. आई चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. दादा मात्र एवढंच म्हणाले, "शिकलास तू. तुला दिसतंय ते आमाला दिसत न्हाई." ते ऐकून मला फार अभिमान वाटला होता. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

मशीनची यादी घेऊन मी आप्पांकडं गेलो, कारण विजेचा भार वाढणार होता आणि घर त्यांचं होतं. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"हे एक कार्ड किती खातं?"

"मोठं घेतलं तर तीनशे वॅट."

"अशे सहा?"

"सहा."

"बाकीचं धरून दोन हजार झालं. यातलं किती कामाला लागतं आन् किती गरमीत जातं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "शेवटी सगळ्याची गरमीच होते, आप्पा."

"म्हंजे तू दोन हजाराची शेगडी आणून राह्यला," ते म्हणाले. "नाणी पाडणं हा तिचा जोडधंदा."

त्या दिवशी आम्ही दोन तास बसलो. मोठं कार्ड जास्त काम करतं, पण वॅटामागं हिशेब केला तर मधल्या आकाराचं परवडतं, हे आप्पांनी मला माझ्याच वहीतून काढून दाखवलं. मी मधली कार्डं घ्यायचं ठरवलं. पॉवर सप्लायमध्ये मी काटकसर करणार होतो, तिथं त्यांनी मला अडवलं. "ज्याच्यातून सगळ्यांच्या तोंडात घास जातो त्याला हलकं घेऊ नको. जेवढं लागतं त्याच्या दीडपट घे, म्हंजे ते दमत न्हाई." घरातल्या जुन्या वायरीला हाताची पाठ लावून म्हणाले, "ही चालायची न्हाई, मीटरपासून नवी जाड ओढू." खर्च त्यांनी निम्मा उचलला. घर माझं हाय म्हणाले.

भांडण लागलं ते पेटीवरून. मी काचेच्या दाराची, आत रंगीत दिवे असलेली बंद पेटी निवडली होती. सहा कार्डं त्यात शेजारी-शेजारी, दोन बोटांच्या फटीनं बसत होती.

"ही नगं," आप्पा म्हणाले. "भंगारातनं लोखंडी अँगल आणू, सांगाडा ठोकू. उघडा. कार्डामधी एक वीत जागा."

"आप्पा, ते किराणा दुकानातल्या रॅकसारखं दिसंल."

"मंग?"

"हे फ्रीज न्हाई, आप्पा. याच्या आत पंखे असतात, सेन्सर असतात. स्क्रीनवर प्रत्येक कार्डाचं तापमान येतं. हात लावून बघायची गरजच न्हाई."

आप्पांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "तू शिकलेला हायेस," म्हणाले. हेच वाक्य दादांनी म्हटलं तेव्हा मी फुगलो होतो. आप्पांनी म्हटल्यावर जरा टोचलं. पण पेटी मी तीच आणली.

आप्पांना माझ्या मशीनचा राग नव्हता. ते अठरा मेंढ्यांचं कळल्यावर तर त्यांनी तिला कधी मशीन म्हटलंच नाही. रोज सकाळी वर यायचे आणि विचारायचे, "कळप काय म्हणतो?" काचेला हाताची पाठ लावून खाली जायचे. मी स्क्रीनवरचे आकडे वाचून दाखवायचो. ते ऐकायचे, पण हात लावल्याशिवाय जायचे नाहीत.

उन्हाळा सुरू झाला आणि स्क्रीनवर कार्डं चौऱ्याऐंशी डिग्रीवर गेली. नेमके त्याच वेळी आप्पा मंठ्याला गेल्ते. त्यांची मुलगी रेखाताई बाळंत व्हायची होती आणि तिला आई नव्हती. तीन आठवडे ते तिथंच राहिले. खोलीत पाऊल टाकवत नव्हतं. पेटीतले पंखे आतलीच गरम हवा एकमेकांच्या तोंडावर फेकत होते. मग मी डोकं लढवलं. पत्र्याचा मोठा कूलर आणला, पेटीचं दार काढलं आणि कूलरचं तोंड थेट कार्डांवर लावलं. तासाभरात आकडा त्रेसष्टवर आला. मी फोटो काढून चार मित्रांना पाठवला. दादांना फोन केला. "दादा, बिलकुल बराबर चालू हाय. काळजीच नको."

आप्पा परत आले ते आधी पाण्याच्या टाकीकडं गेले. आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तोवर टाकीवर आणि बोअरवर भागवायचं. त्यांनी टाकीत हात घातला. मग वर आले. कार्डावरून हाताची पाठ फिरवली, ती जिभेला लावली.

"खारट," ते म्हणाले. "कूलर बंद कर."

"आप्पा, त्रेसष्टवर आलंय. बघा."

"बोअरचं पाणी हाय. कूलर थेंब फेकतो. आन् हवेत मिलची लोखंडाची धूळ. तिघं मिळून काय व्हतं ते तुला माहीत हाय का?"

"स्क्रीनवर सगळं बराबर दाखवतंय."

तो शब्द ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागं सरलो. ते तसेच जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मी कूलर चालूच ठेवला. माझं बरोबर आहे हे मला त्यांना दाखवायचं होतं.

आठवड्यानं एक कार्ड गेलं. त्यानंतर चार दिवसांनी दुसरं. बाहेर काढून पाहिलं तर चिपांच्या बारीक पायांवर पांढरा क्षार बसलेला आणि त्याच्यात तांबूस-काळा गंज. स्क्रीननं शेवटच्या मिनिटापर्यंत साठ-बासष्टच दाखवलं होतं. तापमान खरंच कमी होतं. मेलं ते तापून मेलंच नव्हतं.

कूलर बंद केला. उरलेली चार कार्डं भर दुपारी थांबवून सकाळ-संध्याकाळ चालवायला लागलो. दादांचा फोन आला की म्हणायचो, "बराबर हाय, दादा." अठरा मेंढ्यांतल्या सहा गेल्या होत्या, आणि मी बापाला बराबर म्हणत होतो.

एका रविवारी दुपारी खालून हाक आली. "ओ ग्रॅज्युएट. आवाज कमी झाला."

मी खाली गेलो. आप्पा ओसरीत बसले होते, भुईमुगाच्या शेंगा फोडत. त्यांनी विचारलं, "किती?"

"दोन."

"दादाला सांगितलं?"

मी नकाराची मान हलवली. आप्पांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि आपला उजवा तळवा माझ्यासमोर उघडला. एवढ्या दिवसांत मी तो कधी नीट पाहिला नव्हता. कातडी गुळगुळीत, चकचकीत, एकही रेघ नसलेली. बोटं आतल्या बाजूला थोडी वळलेली.

"याला कळत न्हाई काही," ते म्हणाले. "गरम न्हाई, गार न्हाई. म्हणून डावा."

मग त्यांनी सांगितलं. 

भट्टीच्या दाराच्या चौकटीत पाणी खेळवलेलं असतं, नाहीतर चौकट वितळून जाईल. ते पाणी दुसऱ्या बाजूनं परत येतं. आप्पांचं काम होतं दर तासाला परतीच्या पाण्यात हात घालून बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. वर दाबाचा काटाही होता. त्या दिवशी उन्हं फार होती. काटा जागेवर होता. आप्पांनी लांबूनच काट्याकडं पाहिलं आणि रजिस्टरात लिहून टाकलं, 'बराबर'. भट्टीच्या पलीकडं जायचा कंटाळा आला, एवढंच कारण.

"काटा खोटा नव्हता," आप्पा म्हणाले. "त्याच्याजवळ दाब व्हताच. पुढं नळी क्षारानं बुजली व्हती. पाणी आत अडकलं, त्याची वाफ झाली. चौकट फुटली. दारापाशी शेषराव व्हता. माझ्यासंगं डबा खायचा. मी पळत जाऊन पाण्याचा वॉल बंद केला. तो लोखंडाचा वॉल, लाल व्हायचाच बाकी व्हता. हात चिटकून बसला. पण उपेग काय. शेषराव अकरा दिवस जगला. दवाखान्यात मला म्हणाला, आप्पा, पाणी बघितलं व्हतं ना? मी म्हणालो, बघितलं व्हतं."

शेंगेचा एक दाणा खाली पडला होता. तो त्यांनी डाव्या हातानं उचलून ताटात टाकला.

"चौकशी झाली. रजिस्टर बघितलं. बराबर लिहिलेलं. मला कोणी काही म्हणालं न्हाई. नळीचा दोष निघाला." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्याला तरी खरं सांगायला पायजे व्हतं, नामदेवा."

माझं नाव त्यांना माहीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तिथूनच फोन लावला. दादा रानात होते. म्हणालो, दादा, या. फोनवर सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दादा बदनापूरहून रेल्वेनं आले, खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी. मी खोलीत नेलं, मेलेली दोन कार्डं त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कूलरचं, आप्पांचं न ऐकल्याचं आणि फोनवर बोललेल्या खोट्याचं.

दादांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. पांढरा क्षार नखानं खरवडला.

"मेंढरं मरत्यात," ते म्हणाले. "कशानं मेली ते कळलं का?"

"कळलं."

"मंग बास. पर मेलेलं लपवू नये. लपवलं की रोग सगळ्या कळपात जातो."

खरं सांगायचं तर मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग दादा पेटीसमोर मांडी घालून बसले. आप्पाही येऊन बसले. दोन म्हातारे, एक भट्टीतला, एक मेंढरामागचा, चालू मशीनकडं बघत बसले. बऱ्याच वेळानं दादा म्हणाले, "आप्पा, उन्हाच्या टायमाला मेंढरं काय करत्यात ठावं हाय का?"

"काय, पाव्हणं?"

"एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात. सावली मिळती म्हणून. समद्या एका जागी गोळा. आन् त्यानंच जास्त उकडून जात्यात. काठी घालून फाकवाव्या लागत्यात. हे तसंच दिसतंय. ह्याचा गरम श्वास त्याच्या नाकात."

आप्पा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "एक वीत!" माझ्याकडं बघून म्हणाले. "ग्रॅज्युएट, ऐका आता. माझं न्हाई तर बापाचं तरी."

त्याच संध्याकाळी आम्ही भंगारवाल्याकडनं अँगल आणले. पेटी तिथंच देऊन टाकली, भंगारवाल्यानं रंगीत दिव्यांचे पैसे वेगळे द्यायला नकार दिला. सांगाडा आप्पांनी स्वतः ठोकला, डाव्या हातात हातोडा आणि उजव्या हाताच्या कोपरानं अँगल दाबून. चार कार्डं, मधे एकेक वीत. पूर्वेच्या खिडकीतून हवा आत, पश्चिमेला वरच्या झरोक्यात स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट पंखा, आणि कार्डांच्या मागून त्या पंख्यापर्यंत पत्र्याचा बोगदा, म्हणजे गरम हवा खोलीत रेंगाळायलाच नको. हवा आत येते तिथं दादांनी आपल्या घोंगडीचा एक तुकडा कापून ताणून बसवला. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "लोकर धूळ सोडत न्हाई. मी आयुष्यभर अंगावर घेतली, मला माहीत हाय." आप्पांनी त्याच्यापुढं जुन्या स्पीकरांची चार लोहचुंबकं तारेत बांधली. आठवड्यानं त्यांना मिलच्या धुळीच्या काळ्या मिशा फुटल्या. तेवढी धूळ आधी माझ्या कार्डांवर बसत होती. दर रविवारी मिशा काढायच्या आणि घोंगडी झटकायची, हे माझं काम ठरलं.

शेवटचं एक आप्पांनी मला विचारलं, "याला पूर्ण दाबून चालवायलाच पायजे का? मिलमधी पूर्ण दाबलेला रोल जल्दी फुटतो." मी कार्डांची वीज एक तृतीयांश कमी करून पाहिली. काम जेमतेम दहावा हिस्सा घटलं. हे मला आधीच माहीत असायला हवं होतं, माझ्या वहीत लिहिलेलंही होतं.

चालू केलं. भर दुपार होती. स्क्रीन बासष्टवर थांबला. मी आकडा वाचला नाही. आप्पा उठले. एकेका कार्डाला, मग पॉवर सप्लायला, मग वायरीला, मग पत्र्याच्या बोगद्याला हाताची पाठ लावत गेले. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन श्वास. शेवटी खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडं.

"बराबर," ते म्हणाले.

दादांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते पिशवीतून भाकरी काढत होते.

ती चार कार्डं पुढं सव्वा वर्ष चालली, एकही बंद पडलं नाही. मग त्या नाण्यानं हिशेब तपासायची पद्धतच बदलली आणि अशा मशिनींची गरज उरली नाही. व्हिडिओ करणाऱ्या एका माणसाला मी कार्डं विकली. विकताना दुपारच्या हवेत चालवून दाखवली, आणि दोन कार्डं कशी गेली तेही न विचारता सांगितलं. दादांनी पुन्हा मेंढ्या घेतल्या. सगळ्या अठरा नाही आल्या. किती आल्या ते मी आप्पांना गावाहून फोन करून सांगितलं, कमी कितीनं पडल्या तेही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आप्पांची छाती भरायला लागली. मिलची धूळ त्यांच्या आतही बसली होती, आणि तिथं कोणतं लोहचुंबक लावणार? रेखाताईंनी हट्ट धरला आणि आप्पांनी मंठ्याला जायचं कबूल केलं. तिथं ते फार दिवस राहिले नाहीत. ताईंचा फोन आला, मी गेल्तो, खांदाही दिला. पण त्या अंगणात निजवलेले आप्पा मला आठवत नाहीत. दोन्ही हात पांढऱ्या कापडाखाली होते.

मला आठवतं ते जालन्याचं बसस्टँड. सकाळचे दहा. मी त्यांचं बोचकं बसमध्ये ठेवून खिडकीजवळची जागा धरली होती, सावलीच्या बाजूची. जिना उतरायच्या आधी त्यांनी माझ्या खोलीतल्या रिकाम्या सांगाड्याला हात लावला होता. आता मी खिडकीतून हाक मारली, "आप्पा, चढा, सुटंल." ते चढले नाहीत. काठी टेकत बसच्या पुढच्या बाजूला गेले, वाकले आणि इंजिनाच्या जाळीला डाव्या हाताची पाठ लावली. डोळे अर्धवट मिटले. मागं रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "काय झालं, बाबा?"

आप्पा काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही.

"अहो, काटा जागेवर हाय! चढा जल्दी!"

आप्पा हलले नाहीत. हात तिथंच.

ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. आप्पांकडं पाहिलं, जाळीकडं पाहिलं. मग त्यानं आपला हात पुढं केला, तिथंच लावला. क्षणभर तसाच उभा राहिला आणि मुकाट्यानं पाण्याचा कॅन आणायला गेला.

मग आप्पा बसमध्ये चढले.